गाडीची खांदशेकणी

बाबांच्या दवाखान्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आता सरपण रचलेलं असतं. सुटीत बालाघाटला आले की मी तिथे एकदा जातेच, आणि कशाला गेले होते असं कुणी विचारू नये म्हणून हातात एखादं लाकूड घेऊन परतते. नवी गाडी बाहेर आंब्याखाली उभी असते. ती शेडपेक्षा लांब आहे, आत मावत नाही. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. किल्ली फिरवली की सुरू होते, दारं नीट लागतात, पावसात आतलं कुणी भिजत नाही. पण शेडमध्ये लाकडांच्या मागे जमिनीवर तेलाचा एक जुना काळा डाग आहे, आणि हवा दमट असली की त्याचा वास जरासा वर येतो. तेवढ्यासाठी मी तिथे उभी राहते.

ती जुनी गाडी आली तेव्हा मी इतकी लहान होते की तिच्या पायरीवर बसून माझे पाय जमिनीला टेकत नसत. नवीन राज्य नुकतंच झालं होतं. नागपूर तिकडे मराठीत गेलं, आपण इकडे हिंदीत राहिलो, हे बोलणं घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असायचं आणि मला वाटायचं, कुणीतरी आम्हाला स्टेशनवर विसरून गेलंय. त्याच दिवसांत मँगेनीजच्या खाणीतला एक गोरा साहेब मायदेशी परत निघाला आणि जाताना त्याची गाडी बाबांना देऊन गेला. बाबा डॉक्टर, साहेबाच्या घरचे ताप-खोकले तेच बघत. गाडीचा रंग भादव्यातल्या तळ्यासारखा होता, हिरवाही नाही आणि काळाही नाही. वळायचं असलं की दारामधल्या खांबातून एक लाल पट्टी बाहेर यायची, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीनं हात वर करावा तशी. आत साहेबाच्या तंबाखूचा वास होता. त्यावर बाबांच्या बॅगेतल्या स्पिरिटचा वास चढला, मग आईच्या गजऱ्याचा, मग माझ्या आजारपणातल्या मोसंब्यांचा. साहेबाचा वास मात्र सगळ्यांच्या तळाशी कितीतरी वर्षं टिकून होता.

उन्हाळ्यात लालबर्ऱ्याच्या रस्त्यानं जाताना खिडक्यांतून मोहाचा वास आत यायचा, जड आणि गोड, डोकं हलकं करणारा. सीट इतकी तापलेली असायची की आई आधी ओला टॉवेल पसरायची. पावसाळ्यात काच पुसणारा पंखा फक्त बाबांच्या बाजूचा चालायचा. डाव्या बाजूला आम्ही पाण्यातूनच जग बघायचो. थंडीत बाबा पुढे उभे राहून हँडल मारायचे. तोंडातून वाफ निघायची, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असायच्या. "चला बाई, उठा आता," असं ते गाडीला म्हणायचे. घरात कुणाशीही ते इतक्या आर्जवानं बोलत नसत. आई ओसरीवरून बघायची आणि म्हणायची, "तिला अहोजाहो आणि आम्हाला मात्र, डबा कुठाय." मग गाडी एकदम खोकून जागी व्हायची, आणि राइस मिलच्या रस्त्यानं नव्या तांदळाचा कोमट, धुळकट वास अंगावर घेत आम्ही पुढे जायचो.

मी जबलपूरला मिशनच्या शाळेत होते. तिथे इंग्रजी, स्टेशनवर हिंदी, घरात शहरी मराठी आणि बाबांच्या मूळ गावी वऱ्हाडी. चारही भाषा कळायच्या. पण कुठल्याही भाषेत बोलायला तोंड उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांत मला माझी चूक आधीच दिसायची. म्हणून मी बोलत नसे. लोक म्हणत, डॉक्टरांची मुलगी शिष्ट आहे. गाडीत मात्र बरं असायचं. तिथे सगळेच समोर बघतात, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि इंजिनाचा आवाज इतका की गप्प राहणं हा कुणाचा स्वभाव वाटत नाही.

एका सुटीत, जबलपूरहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं येऊन उतरल्यावर, बाबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि त्यांच्या उजव्या खांद्यात कळ आली की काय, त्यांनी डावा हात गिअरवरून उचलून खांदा दाबला आणि सहज म्हणाले, "टाक गं पुढचा." मी गेली कित्येक वर्षं मागे बसून तो दांडा कुठे जातो ते पाठ केलेलं होतं. त्यांनी क्लच दाबला आणि "हं" म्हटलं. मी दांडा ओढला. तो तुपातल्यासारखा बसला. बाबांनी क्लच सोडला. त्यानंतर आम्ही दोघंच असलो की हे ठरूनच गेलं. पाय त्यांचा, हात माझा, आणि मध्ये ते "हं". आमच्या दोघांत एवढा मोठा संवाद त्याआधी कधी झाला नव्हता. पुढे एकदा ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "आता कॉलेज आहे. येत्या दिवाळीत शीक सगळंच. ही खटारा आहे तोवर शिकून घे. नव्या गाडीला कुणी हात लावू देणार नाही तुला."

मी मान हलवली. त्या दिवसापासून दिवाळीकडे डोळे लावून बसले, आणि कुणालाही सांगितलं नाही. मला एखादी गोष्ट हवी आहे हे लोकांना कळलं की ती माझ्याकडून निघून जाईल, अशी माझी तेव्हा समजूत होती.

नव्या गाडीसाठी बाबांनी फार पूर्वी नाव नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा अशीच पद्धत होती. नाव द्यायचं आणि विसरून जायचं. त्या वर्षी श्रावणात निरोप आला की आपला नंबर लागलाय, काय ते लवकर कळवा. आईला आनंद झाला. तिनं नव्या गाडीबरोबर ड्रायव्हर ठेवायचंही ठरवून टाकलं, कारण बाबांचा खांदा आता खरोखरच दुखायचा. "या गाडीला मी जेवढं ढकललंय," ती म्हणाली, "तेवढा तुमच्या लेकीचा पाळणाही हलवला नाही. लग्नाला जावं तर शालू नेसून चिखलात उतरायचं. आता पुरे." तिचं खरंच होतं. बाबा म्हणाले, पोळा होऊ दे, मग बघू.

पोळ्याला आम्ही दरवर्षी मोठेबाबांकडे जायचो. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कटंगीच्या अलीकडे त्यांची धानाची शेती होती आणि बाबांना त्यांनीच शिकवलं होतं. गावाच्या शिवेत शिरलं की बाबांची भाषा बदलायची, खांदे सैल पडायचे, ते स्वतःचेच धाकटे भाऊ वाटायला लागायचे. दोन्हीकडे धान गुडघाभर उभं असायचं, बांधांवर पाणी वाजत असायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्या दिवशी त्यांना नदीवर धुऊन आणायचं, गरम पाण्यानं खांदे शेकायचे, तूप आणि हळद चोळायची, आणि कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ओल्या बैलांचा वास, तापलेल्या तुपाचा वास, गोठ्यातला धूर. मोठेबाबांचा तळवा खांद्यावरून फिरायचा आणि बैल डोळे मिटायचे. गाडी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात आली त्या वर्षापासून तिलाही आवतन होतं. बैलांच्या शेजारी ती उभी केली जायची आणि मोठेबाबा तिच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना तुपाची बोटं लावायचे.

"दादा, हिले खांदे कुठं हाय?" बाबा हसून विचारायचे.

"वझं वाहते ना थे? मग असतीनच," मोठेबाबा म्हणायचे. "तू डाक्टर हाय, तूच पाह्य."

मला ते मडम म्हणायचे. "काय मडम, शहरात जीभ ठेवून आली का?" मी हसून आत पळायचे. त्यांना माझ्याबद्दल याहून जास्त काही माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी जेवताना बाबांनी नव्या गाडीचं सांगितलं. मोठेबाबांनी ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हातारी झाली मून इकतं काय तिले?"

"पार्ट भेटत नाही दादा आता. मिस्त्री थकले. गोंदियाचा एक जन घेतो म्हणते."

"हौ," मोठेबाबा म्हणाले आणि उठले. बाहेर झड लागली होती, म्हणून त्यांनी गाडी गोठ्याच्या पडवीत, धान साठवायच्या ढोलीशेजारी घ्यायला लावली. आम्ही आत गेलो. ते बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोळा फार छान भरला. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि रांगेच्या शेवटी उभी करायला बाबा गाडी काढायला गेले तर ती सुरू होईना. सेल्फ लागेना, हँडल मारून थकले, दिवा लागेना. दारातली लाल पट्टीसुद्धा बाहेर आली नाही. बैल मिरवून घरी परतले, त्यांचे पाय धुऊन झाले, पुरणाचा घास झाला, आणि गाडी आपली पडवीतच, गळ्यात झेंडूची माळ घालून.

दुसऱ्या दिवशी कटंगीहून गफूर मिस्त्रींना बोलावलं. ते बाबांचे जुने पेशंट. त्यांनी इंजिनावरचं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे आले.

"डॉक्टर साब, ये क्या है? इसमें पूरनपोली बनाई थी क्या?"

आत सगळं पिवळं होतं. नळ्या, तारा, डबे, झाकणं, जिथे म्हणून हात पोचला तिथे तूप आणि हळद. गाडी आता जाणार, तर शेवटच्या वर्षी तिचे खरे खांदे शेकावेत म्हणून मोठेबाबांनी कंदील घेऊन, गरम पाण्यात फडकं पिळून, तिला आतून सगळीकडे चोळलं होतं. ढोलीतल्या उंदरांना आणखी काय हवं होतं. तारांवरचं कापड आणि रबर त्यांनी कुरतडून साफ केलं होतं. उघडी तांब्याची टोकं तेवढी राहिली होती.

"चूहों की दावत हो गई," गफूर मिस्त्री म्हणाले. मग मोठेबाबांचा चेहरा दिसला तसे ते गंभीर झाले. "हो जाएगा साब. पर पूरी वायरिंग नई डालनी पड़ेगी. इतनी पुरानी गाड़ी में… आप सोच लो. बेचना है तो ऐसे ही बेच दो, रस्सी से खींच के ले जाएगा."

आम्ही सगळे अंगणात होतो. खाटेवर बाबा, दारात आई, तुळशीच्या बाजूला मी. त्या दिवशी तान्हा पोळा होता. गल्लीतून मुलं आपले लाकडी बैल दोरीनं ओढत चालली होती आणि त्यांच्या चाकांचा खडखडाट भिंतीपलीकडून येत होता.

"आता विचार करायला राहिलंय काय?" आई हळू म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. "देवानंच सांगितलं असं समजा. नवी येतेच आहे."

बाबांनी मान हलवली. हातानं खांदा दाबत ते गाडीकडे बघत होते. "बरोबर आहे तुझं. दुरुस्तीवर घालवण्यात अर्थ नाही. देऊन टाकू."

 मला म्हणायचं एवढंच होतं, की दिवाळीपर्यंत थांबा. मनात मी ते चारही भाषांत म्हणून पाहिलं. प्रत्येक भाषेत ते हट्टासारखं वाटलं. नव्या गाडीत ड्रायव्हर पुढे बसेल, मी मागे, आणि सभ्य मुलीसारखी खिडकीतून बाहेर बघत आयुष्यभर जाईन, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मी तुळशीचं एक पान तोडलं आणि ते हातात चुरगळत राहिले.

 मोठेबाबा गोठ्याच्या खांबाला टेकून उकिडवे बसले होते. तिथूनच म्हणाले, "मीच मारली तिले."

"तसं नाही दादा," बाबा म्हणाले.

"तसंच हाय. चूक माही हाय, थे मी बोललो. पन एक इचारतो तुले." ते उठून पुढे आले. "म्हातारा बैल इकला, तं गोऱ्हा कोनासंग शिकीन?"

गावाकडे असंच करतात. कोवळा गोऱ्हा पहिल्यांदा जुवाला लावायचा तर दोन गोऱ्हे एकत्र जुंपत नाहीत. एका बाजूला म्हातारा, सवयीचा बैल लावतात. तो ओढत नाही फारसं, पण बिथरत नाही. गोऱ्ह्यानं उड्या मारल्या तरी तो आपल्या चालीनं चालतो, आणि चार-आठ दिवसांत गोऱ्हा त्याच्या चालीला लागतो. त्या एका हंगामासाठी कितीतरी घरी म्हातारा बैल ठेवलेला असतो.

"इथं गोऱ्हा कोन हाय दादा?" बाबांनी विचारलं.

मोठेबाबांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "थे काय उभी हाय, तुयशी ओरबाडून राह्यली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातला चुरा मुठीत लपवला.

"तुले दिसत नाही काय रे नारायन? पोरगी तुह्या गाडीतून उतरते अन् जेवाले बसते, तरी तिचा डावा पाय खाली दाबून राह्यते. परवापासून पाहून राह्यलो मी. माह्या गोऱ्ह्याच्या अंगावर जू नसते, तरी तो मान खाली घालून चालते, तसंच."

आई म्हणाली, "काहीतरीच भाऊजी. ती कशाला चालवेल गाडी? गावात नावं ठेवतील."

"ठेवू दे ना बाप्पा. नाव ठेवाले लोकाइले दुसरं काम काय हाय?"

बाबा माझ्याकडे वळले. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून समोर बघत आलो होतो. समोरासमोर बघायची सवय दोघांनाही नव्हती. त्यांनी विचारलं, "खरंच शिकायचंय तुला? की मी म्हणालो म्हणून मान हलवली होतीस?"

ते "हं" म्हणाले असते तर सोपं झालं असतं. पण त्यांनी पूर्ण प्रश्न विचारला होता आणि ते उत्तराची वाट बघत होते. गफूर मिस्त्रीही हातातलं फडकं खाली ठेवून थांबले होते. भिंतीपलीकडची लाकडी चाकं दूर गेली.

"हौ," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते गावचं हौ निघालेलं ऐकून आईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. "मडमेला जीभ फुटली, भाऊजी," ती म्हणाली, आणि मग बाबांकडे बघून, "करा दुरुस्त. पण ढकलायला मी उतरणार नाही, आधीच सांगते."

नवी गाडी त्या वेळी दुसऱ्या कुणाला गेली. आमचा पुन्हा नंबर लागायला बराच काळ जावा लागला, आणि तो काळ हा माझ्या आयुष्यात मिळालेला सर्वांत मोठा आहेर आहे, असं मला आजही वाटतं. गफूर मिस्त्रींनी मिळतील तशा रंगांच्या तारा घातल्या. आतलं तूप रॉकेलनं धुतलं, पण सगळं काही निघालं नाही. पुढे इंजिन तापलं की गाडीत हळदीचा आणि कढवलेल्या तुपाचा वास यायचा. साहेबाची तंबाखू त्या वासाखाली कायमची बुजली. पेशंट गाडीत बसले की इकडेतिकडे बघत विचारायचे, "डॉक्टर साब, खाना साथ में है क्या?"

दिवाळीत मी शिकले. नदीपलीकडच्या सरळ रस्त्यावर, सकाळच्या धुक्यात, जेव्हा फक्त धान कापायला निघालेल्या बायका भेटायच्या. त्या थांबून बघायच्या. एकदा एकीनं हाक मारून विचारलं, "काहून बाई, बापाले बसवून नेऊन राह्यली का?" मी मान हलवली आणि गाडी बंद पडली. बाबा रागावत नसत. गाडीही बिथरत नसे. तिचा क्लच जड होता, गिअर सैल होता, ब्रेक आधी एकदा दाबून मगच खरा लागायचा. माझ्या सगळ्या चुका तिनं आधीच कुणाकुणाकडून सोसलेल्या होत्या. मोठेबाबा एकदा मुद्दाम कटंगीहून बसनं आले आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसले. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "लागली चालीले."

आता मोठेबाबा नाहीत. गाडीही नाही. ती कशी गेली हे मला सांगता येईल, पण सांगावंसं वाटत नाही. मी नोकरीच्या गावी बँकेच्या पायऱ्या चढते, लोकांशी कामापुरतं बोलते, अजूनही शिष्ट म्हणवून घेते. पण मला काही हवं असलं तर ते तोंडानं मागता येतं, मागितल्यावर ते निघून जात नाही, एवढं मला माहीत आहे. आणि ते कुणामुळे माहीत आहे हे मी विसरलेले नाही.

मी गाडी शिकले त्या हिवाळ्यातली एक दुपार मला सगळ्यांत जास्त आठवते. लांजीकडच्या एका खेड्यात तापाची साथ होती. बाबा पहाटेपासून घरोघर फिरत होते आणि मी गाडीशी बसून राहिले होते. परत निघताना त्यांनी पुढचं दार उघडलं, क्षणभर थांबले, ते लावून टाकलं आणि मागे जाऊन बसले. "खांदा धरलाय," म्हणाले. मी गाडी काढली. दोन्हीकडे कापून रचलेल्या धानाचे पुंजणे होते, उन्हात पेंढ्याचा वास होता, आणि तूप-हळदीचा. मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. मागून "हं" आलं नाही. काही चुकलं का म्हणून मी आरशात बघितलं. बाबा झोपले होते. बॅग मांडीवर, चष्मा कपाळावर सरकलेला, तोंड जरासं उघडं.

सबंध रस्ता मी एकही खड्डा लागू दिला नाही. घराच्या अंगणात गाडी उभी केली. आई दाराशी आली आणि काही विचारणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. ती तिथेच थांबली. मी हात मांडीवर घेतले आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. आवाज थांबला असता, तर ते जागे झाले असते.